इंदू वजा धाकली

सोमवार, १८ फेब्रुवारी २०४१. सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी कोल्हापूरच्या पंचगंगा विद्यापीठात, निवड समितीच्या खोलीतल्या पडद्यावर एक आकडा उमटला : दोन कोटी अकरा लाख रुपये. वर्षाला.

टेबलाच्या टोकाला इंदू साळोखे बसली होती. वय चव्वेचाळीस. एके काळची गोलकीपर, आणि गेली चौदा वर्षं एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका. दर जूनमध्ये नवा कागद, दर एप्रिलमध्ये रामराम. विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक हवा होता आणि त्या पदासाठी ती शेवटची उरलेली उमेदवार होती. तिने आकडा एकदा वाचला, मग नुसती शून्यं मोजली. पाच.

"मॅडम, हा तुमच्या पगाराच्या चौपट आहे," भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देशिंगकर कुलगुरूंना म्हणाले.

"मला भागाकार येतो, सर," कुलगुरू हेमलता जाधवर म्हणाल्या.

"माझी प्रयोगशाळा एवढ्यात तीन वर्षं चालेल. आणि हे कशासाठी, तर मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायला!"

"ओरडायचे पैसे नाहीत ते," टेबलाच्या पलीकडून संगणकशास्त्राचे डॉ. पराग सबनीस म्हणाले. "ते काय ओरडायचं, हे कळण्याचे आहेत. आणि हा आकडा मी काढलेला नाही. धाकलीनं काढलाय."

धाकली म्हणजे यंत्र. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं; 'धाकली इंदू' हे नाव संघातल्या मुलींनी ठेवलं आणि तेच चिकटलं.

प्रश्न जुनाच होता. संघ जिंकतो तेव्हा त्यात प्रशिक्षकाचा वाटा किती? खेळाडू चांगल्या असतील, समोरच्या फुसक्या असतील, वारा आपल्या बाजूने असेल. आजवर विद्यापीठं अंदाजाने पगार द्यायची आणि पस्तावायची. सबनीसांनी अंदाज काढून टाकला. प्रत्येक मुलीच्या अंगात एक बंडी. ती सेकंदाला दहा वेळा तिची जागा, वेग आणि हृदयाचे ठोके कळवते. मैदानाभोवती कॅमेरे, ते समोरच्या संघावर नजर ठेवतात. या माहितीतून प्रत्येक खेळाडूची संगणकात हुबेहूब नक्कल तयार होते. मग झालेला सामना संगणकात दहा हजार वेळा पुन्हा खेळायचा. पाच हजार वेळा प्रशिक्षकाचे निर्णय ठेवून, पाच हजार वेळा एखाद्या बेताच्या प्रशिक्षकाचे निर्णय घालून. गुणांचा जो फरक पडेल, तो प्रशिक्षकाचा वाटा.

सबनीस एवढ्यावर थांबले असते तर हिशेब सोपा राहिला असता. त्यांनी प्रशिक्षकाचीही नक्कल केली. इंदूला अकरा दिवस समोर बसवून चार हजार प्रसंग विचारले : सत्तरावं मिनिट आहे, एका गोलने मागे आहात, कुणाला काढाल? तिच्या उत्तरांवरून धाकली शिकली. शिकली ती इतकी, की खऱ्या इंदूच्या वाट्यातला अठ्ठावन्न टक्के भाग ती एकटीच मिळवू लागली. लेखापरीक्षकांनी लगेच बोट ठेवलं : जे काम विजेच्या बिलात होतं, त्याला माणसाचा पगार कशाला? म्हणून नियम ठरला. पगार द्यायचा तो इंदू वजा धाकली, एवढ्याचाच.

ही वजाबाकी आदल्या दिवशीच्या चाचणी सामन्यात बेचाळीस टक्के आली होती. विद्यापीठांच्या महिला लीगमध्ये एक विजय किती प्रायोजक आणि किती प्रवेश आणतो याचा दर ठरलेला होता. त्या दराने बेचाळीस टक्क्यांचे दोन कोटी अकरा लाख.

"त्रेसष्टाव्या मिनिटाला काय केलंत तुम्ही?" सबनीसांनी इंदूला विचारलं. गोव्याच्या संघाविरुद्ध शून्य-शून्य असताना तिने अचानक सगळा हल्ला उजवीकडे वळवला होता. नऊ मिनिटांत दोन गोल झाले. "धाकली डावीकडूनच खेळत राहिली असती. त्यांची ती तीन नंबरची मुलगी शेवटपर्यंत तितक्याच वेगाने पळत होती, कॅमेऱ्यात कुठेही थकवा नाही. मग तिच्याच बाजूने का गेलात?"

"वाटलं," इंदू म्हणाली.

सबनीसांनी ते लिहून घेतलं.

कुलगुरूंनी अट वाचून दाखवली. नेमणूक तात्पुरती. ३१ मार्चला लीगचा अंतिम सामना. संघ तिथवर पोचो वा न पोचो, त्या संध्याकाळी धाकली हाच चाचणी सामना पुन्हा खेळेल, तोवर जे काही नवं शिकली असेल ते धरून. तेव्हा जी वजाबाकी उरेल, त्यावर तीन वर्षांचा करार. वजाबाकी दहा टक्क्यांच्या खाली गेली तर पद भरायचंच नाही. धाकली आणि तिचा टॅब धरायला एक सहायक पुरे. कामाच्या वेळेत इंदूच्या कॉलरचा माइक बंद झाला तर करार रद्द.

"मान्य?"

इंदूने सही केली. तिने पेन ठेवलं तेव्हा देशिंगकरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

*

"किती?" आप्पांनी विचारलं.

"दोन कोटी अकरा लाख."

"रुपये?"

"न्हाई आप्पा, शेंगदाणे."

आप्पा, इंदूचे वडील, एकोणऐंशी वर्षांचे होते. चिंचेच्या तालमीचे वस्ताद. कोल्हापुरात तालीम नुसती कुस्ती शिकवत नाही, तिचा फुटबॉल संघही असतो. आप्पांनी सकाळी तांबड्या मातीच्या हौद्यात पैलवान घडवले आणि संध्याकाळी मैदानावर फॉरवर्ड. मोबदला म्हणून वर्षाकाठी एक फेटा, एक नारळ आणि पेठेत फुकट चहा.

"आन् ते यंत्र? सगळं शिकलं?"

"सगळं. एक सोडून."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "राखलास!"

वस्ताद पोराला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. पोरगं उद्या उलटलं तर त्याला लोळवायला. आप्पांचा राखलेला डाव म्हणजे कान. समोरच्याने शड्डू ठोकला की ते डोळे मिटायचे. दमलेल्या, घाबरलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या माणसाचा शड्डू वेगळा वाजतो. तोंड लपवतं, मांडी लपवत नाही. हा डाव त्यांनी एकाही पैलवानाला दिला नाही. इंदूला दिला. तिने तो हौद्यातून मैदानावर आणला. नीट बसलेली लाथ 'टण्' वाजते, दुखऱ्या घोट्याची 'भद्द'. गोव्याची तीन नंबरची मुलगी वाऱ्यासारखी पळत होती, पण साठाव्या मिनिटानंतर तिने चेंडू तीनदा मारला आणि तिन्ही वेळा तो भद्द वाजला. माणूस दुखऱ्या पायाने पळून दाखवू शकतो, वळून दाखवू शकत नाही.

धाकलीला हे कळायचा मार्गच नव्हता. इंदूच्या कॉलरवरचा माइक तिचा आवाज स्पष्ट यावा म्हणून बाकीचे सगळे आवाज गाळून टाकत असे. शिट्ट्या, आरोळ्या आणि चेंडूचा आवाज. यंत्राने नेमका तिचा डावच गोंगाट म्हणून फेकला होता.

"चौदा वर्षं झाली आप्पा," इंदू म्हणाली. कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना 'आलो-गेलो'च म्हणायची. "चौदा वर्षं मी दर एप्रिलमध्ये घरी बसलो. आता न्हाई बसणार. मेलो तरी सांगणार न्हाई कुणाला."

"नगंस सांगू," आप्पा म्हणाले. "पण एक सांग. मला यंत्र नव्हतं, फकस्त पोरं हुती. तुझ्या पोरी विचारतील तवा काय करशील?"

*

विचारलं रेश्मा नदाफने. मंगळवारी, सरावानंतर, बूट सोडता सोडता.

रेश्मा कर्णधार होती, वय एकवीस, मधल्या फळीत खेळायची. मैदानावर कुणाचं ऐकायची नाही आणि मैदानाबाहेर कुणाला सोडायची नाही.

"मॅडम, त्या तीन नंबरचं तुम्हाला कसं कळलं?"

"नजर."

"नजर मलाबी हाय की. मी तिच्यापासनं दहा फुटांवर हुतो. काय दिसलं न्हाई मला."

"अनुभव मग."

"असं होय," रेश्मा म्हणाली. तिने एक बूट काढला, त्यातली माती झटकली. "दोन कोटींचा अनुभव हाय. फुकट कसा मिळंल?"

बाकीच्या पोरी हसल्या. इंदूही हसली, पण तोंड उगाच मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यांकडे वळवून. पोरींना सांगणं म्हणजे धाकलीला सांगणंच होतं. सबनीसांनी समजावलं होतं : एकसारख्या कारणाने पोरी वळू लागल्या की बंड्यांमधून तो साचा दिसतो, आणि धाकली त्याचं कारण शोधत जुना साठा उपसते. गाळलेले आवाज पुसलेले नव्हते, नुसते बाजूला ठेवलेले होते.

इंदू गप्प राहिली आणि संघ जिंकत राहिला. पुण्याविरुद्ध तीन-एक, जळगावविरुद्ध दोन-शून्य, बडोद्याला त्यांच्याच घरी. ती कडेला डोळे अर्धवट मिटून उभी राहायची आणि मग अचानक हाक घालायची. पेठांमधून तिचे फलक लागले. मिसळीच्या दुकानात तिचे पैसे घेईनात. प्रत्येक सामन्यानंतर धाकली चाचणी सामना पुन्हा खेळायची आणि सबनीस आनंदाने कळवायचे, "बेचाळीस. अजूनही बेचाळीस! मॅडम, तुम्ही मला झोपू देणार नाही."

*

लीगचे शेवटचे दोन सामने केरळात, कोळीकोडला होते. गुरुवार, २८ मार्च. उपांत्य सामना, दुपारी चार वाजता. चाळीस हजार माणसं आणि त्यांचे चेंडे. हे ढोल वाजायला लागले की छातीच्या फासळ्या थरथरतात.

पाचव्या मिनिटाला इंदूच्या लक्षात आलं की तिला काही ऐकू येत नाही.

टण् नाही, भद्द नाही. नुसता ढोल. तिने डोळे मिटले, कानांमागे हात धरले, रेषेपर्यंत पुढे गेली. पंचाने मागे ढकललं. नव्वद मिनिटं तिने जे निर्णय घेतले, ते धाकलीनेही घेतले असते. सामना शून्य-शून्य सुटला. पेनल्टी किकवर केवळ नशिबाने, समोरच्यांचा शेवटचा फटका खांबाला लागला म्हणून, पंचगंगा अंतिम सामन्यात गेली.

पोरी एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या. सबनीस टॅब घेऊन धावत आले. "बेचाळीस! दोन कोटी अकरा लाख जागेवर!"

"आज मी काहीच केलं नाही, डॉक्टर."

"आज नाही मोजत आपण. चाचणी सामनाच मोजतो." सबनीस प्रामाणिक माणूस होते, हीच त्यांची अडचण होती. "खरं सांगायचं तर रविवारी तुम्ही हरलात तरी हा आकडा हलणार नाही."

रेश्मा मागे उभी होती. तिने ऐकलं.

"मॅडम," ती म्हणाली, या वेळी हसत नव्हती, "मैदानात आज आम्ही अकरा आंधळ्या हुतो. तुमच्याकडं काय हाय ते मला माहीत न्हाई. पण तिथं तुम्ही नसता, आम्ही असतो."

इंदूला गोलकीपर असतानाचं आठवत राहिलं : ढोल कितीही वाजोत, दहा फुटांवर मारलेला चेंडू ऐकू येतो. कडेवरून येत नाही. मैदानातून येतो.

*

शुक्रवार, सकाळी साडेसहा. सरावाचं मैदान, ओलं गवत, समुद्रावरून खारा वारा. इंदूने कॉलरचा माइक तपासला. हिरवा दिवा लागलेला होता.

"रेश्मा, इकडं ये. पाठ कर. डोळे मीट."

"मॅडम?"

"मीट म्हणतो न्हवं!"

तिने चैत्रालीला चेंडू मारायला लावला. चैत्राली राखीव खेळाडू; तिचा उजवा घोटा आठवडाभर सुजला होता आणि नुकताच बरा झाला होता. आधी डाव्या पायाने, मग उजव्या.

"फरक सांग."

"काय फरक? चेंडू हाय."

"परत."

चौथ्या वेळी रेश्माची मान किंचित कलली. सातव्या वेळी ती म्हणाली, "हा उजवा." नवव्या वेळी म्हणाली, "हा उजवा, आणि हिचा घोटा अजून दुखतोय. खोटं बोलली ही डॉक्टरला!"

"ए, गप!" चैत्राली ओरडली. सगळ्या पोरी खो खो हसत गोळा झाल्या. मला, मला, मी ऐकतो, थांब की! अर्ध्या तासात मैदानावर अकरा पोरी डोळे मिटून पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि चेंडूंचा टणटणाट चालला होता. दहात सात, दहात आठ. रेश्माचे दहात दहा. इंदू ओरडत होती, धावत होती, आप्पांचा शड्डू करून दाखवत होती. चौदा वर्षांत इतकी मोकळी ती कधी बोलली नव्हती.

फोन वाजला. सबनीस. हॉटेलात बसून ते सगळं थेट ऐकत होते.

"मॅडम, माइक चालू आहे."

"माहीत आहे."

"धाकलीनं फेब्रुवारीपासूनचे सगळे आवाज उघडलेत. मी थांबवू शकत नाही, नियम तुमच्यासमोरच झालाय."

"थांबवू नका."

मग सबनीस हळूच म्हणाले, "आवाज! आणि मी तो गाळत होतो."

दुपारी तिने घरी फोन लावला. "आप्पा, दिला डाव."

"कुणाला?"

"सगळ्यांना. यंत्रालाबी."

आप्पा बराच वेळ हसत राहिले, खोकला लागेपर्यंत. मग म्हणाले, "येडे. एकच राखला हुतास व्हय?"

"म्हंजे? आप्पा, म्हंजे काय?"

"जेवाय बसलोय. ठेवतो."

*

रविवार, ३१ मार्च. अंतिम सामना, दुपारी चार वाजता, समोर मणिपूरचा संघ. पंचेचाळीस हजार माणसं.

एकोणिसाव्या मिनिटाला मणिपूरने गोल केला. मध्यंतरात इंदूने काहीही नवं सांगितलं नाही. "ऐका," एवढंच म्हणाली.

सदुसष्टाव्या मिनिटाला मैदानाच्या मध्यावर रेश्माने एकदम मान वळवली. कडेकडे न बघता, कुणाला न विचारता तिने हात वर केला आणि डावीकडे झेपावली. तिच्याबरोबर चौघी वळल्या, एका दोरीने ओढल्यासारख्या. मणिपूरच्या उजव्या बचावपटूने वळायचा प्रयत्न केला आणि ती अर्ध्यातच अडखळली. रेश्माचा फटका जाळ्यात गेला. एक-एक.

राखीव बाकावर सबनीस उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका हातात टॅब असल्याने त्या धड वाजतही नव्हत्या. पडद्यावर चाचणी सामन्याची फेरमोजणी चालू झाली होती. बेचाळीस. एकोणतीस. चौदा. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांनी, नियमित वेळ संपली तेव्हा, सहा.

त्यांनी टॅब इंदूला दाखवला नाही. तिनेच वाकून पाहिला.

"दहाच्या खाली," ती म्हणाली.

"हो. मोजणी पूर्ण व्हायची आहे अजून. पण हो."

"आजचा सामना धरलाय का त्यात?"

"धाकली तो आत्ता शिकतेय. तुमचा एक जरी निर्णय तिला जुळवता आला नाही, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

जादा वेळेआधीची विश्रांती पाच मिनिटांची होती. पोरी पाणी पीत होत्या. रेश्मा रेषेजवळ चेंडूला हलके फटके मारत होती, अंग गरम ठेवायला. ढोल क्षणभर थांबले होते. इंदू वळली.

भद्द.

तिने कान दिला. पुन्हा. भद्द. अकरा पोरी आता समोरच्यांचे पाय ऐकत होत्या; आपल्यातलीचा पाय कुणीच ऐकत नव्हतं. बंडी म्हणत होती की रेश्मा सगळ्यात ताजीतवानी आहे. टॅबवर धाकलीचा सल्ला उमटला होता : बदल नको, कर्णधार कायम.

"चैत्राली, बूट बांध," इंदू म्हणाली. "रेश्मा, बाहेर."

"काय?" रेश्मा चेंडू सोडून आली. "मॅडम, गोल मी केला! मी पडलो न्हाई अजून!"

"डावा घोटा."

रेश्माने डावा पाय मागे घेतला.

"कवापासनं?" इंदूने विचारलं.

"...गोलच्या आधीपासनं," रेश्मा म्हणाली. "कुणाला कळलं नव्हतं."

"बस माझ्याजवळ. बर्फ लाव. आणि ऐकत राहा, मला दोन कान कमी पडतायत."

रेश्मा बसली. डोळ्यांतलं पाणी तिने जर्सीच्या बाहीने पुसलं आणि तिथूनच ओरडली, "चैत्राली, सहा नंबर दमलीय गं! लाग तिच्या मागं!"

शिट्टी वाजली. सबनीसांनी टॅबकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. इंदूने आताच घेतलेल्या निर्णयाची नक्कल धाकलीने करून पाहिली होती आणि ती जुळली नव्हती. सहाचा आकडा पुसला गेला होता.

कोळीकोडहून मिळालेली शेवटची माहिती सहा वाजून नऊ मिनिटांची आहे. जादा वेळेचं पंधरावं मिनिट. एक-एक. चेंडू चैत्रालीकडे, उजव्या पायावर. टॅबवरची पगाराची चौकट रिकामी असून तिच्याखाली एक ओळ आहे : वजाबाकी सुरू आहे.